बंबातलं मेण

जेलरोडला उतरून पगारे वायंडरचं घर विचारा, कुणीही बोट दाखवेल. ओट्यावर टेबल, टेबलावर उघडे मिक्सर, पंखे, इस्त्र्या, आणि त्यांच्यामागे चष्मा कपाळावर चढवून बसलेला जयराम पगारे. चौतीस वर्षं त्याने रेल्वेच्या वर्कशॉपात इंजिनाच्या मोटारींना तांब्याची तार भरली. रिटायर झाल्यावर माणसं सकाळी फिरायला जातात, पेपर वाचतात, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. हा गडी दुसऱ्याच दिवशी ओट्यावर टेबल टाकून बसला. नुसतं बसलो तर गंज चढेल, म्हणाला.

त्याच्याकडे वस्तू दुरुस्तीला नेणं म्हणजे पोलिसात जबाब द्यायला जाणं. स्क्रू सैल करायच्या आधी तीन प्रश्न. कधीपासून बंद आहे? शेवटी कोणी चालवलं? आणि जळका वास आला का, आला तर कसला? एखादी बाई म्हणायची, मला काय ठाऊक काका, तुम्हीच उघडून बघा ना. झालं! मिक्सर तिच्यापुढे परत सरकायचा. घरी जा, ज्याने चालवलं त्याला विचारून या, मग उघडू. लोक चिडायचे, वाटेत बडबडायचे, पण विचारून यायचे. कारण एकदा उत्तर मिळालं की जयराम नेमका तिथेच हात घालायचा.

वस्तू परत देतानाही त्याचं एक पालुपद होतं. कपाटात ठेवून देऊ नका, आठवड्यातून एकदा तरी फिरवा, बंद ठेवलं की मशीन जाम होतं. आत भाकरी थापणाऱ्या चांगुणाला, त्याच्या बायकोला, हे वाक्य इतकं पाठ झालं होतं की तो 'कपाटात' म्हणाला की ती आतून 'जाम होतं' म्हणायची. गिऱ्हाईक हसायचं. जयराम नाही हसायचा. त्याला थट्टा कळायला जरा वेळ लागायचा.

खरं तर पूर्वी तिसरा प्रश्न त्याला विचारावाच लागत नसे. वर्कशॉपात त्याचं नाक प्रसिद्ध होतं. मोटार उघडायच्या आधी तो नुसता वास घ्यायचा आणि सांगायचा, व्हार्निश जळलंय, किंवा कागद जळलाय, किंवा काही नाही, नुसती धूळ तापलीय. साहेब लोकसुद्धा मीटर आणायच्या आधी पगारेला बोलवा म्हणायचे. ते नाक कोरोनात गेलं. ताप उतरला, खोकला गेला, वास काही परत आला नाही. पण त्याच कोरोनाने जे नेलं त्यापुढे नाकाचं काय घेऊन बसता.

संघर्ष हा त्याचा एकुलता एक मुलगा. लहानपणी त्याचं बापाशी एकच भांडण. तुम्ही रेल्वेत आहात ना, मग तुमच्या इंजिनाला धूर का नाही? जयराम समजावायचा की बाबा रे, आता सगळी विजेची इंजिनं, धूर कुठून येणार. पोरगं ऐकायचं नाही. शाळेत त्याने इंजिनाचं चित्र काढलं, त्यावर मोठा काळा धूर काढला आणि खाली लिहिलं, माझ्या बाबांचं इंजिन. जयरामने ते चित्र वर्कशॉपातल्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवलं होतं. रिटायर होईपर्यंत ते तिथेच होतं.

पुढे पोरगं शिकलं, पुण्यात कंपनीत लागलं, ज्योत्स्नाशी लग्न झालं. बाप रिटायर झाला त्या दिवशी वर्कशॉपाने भिंतीवरचं घड्याळ दिलं, शाल दिली. संघर्षने एक लांबट खोका दिला. आत वीतभर लांबीचं काळं इंजिन, चार डबे आणि गोल मांडायचे रूळ. पुण्यातल्या कुणा हौशी म्हाताऱ्याकडून त्याने ते मागे लागून विकत घेतलं होतं. म्हणाला, पप्पा, चौतीस वर्षं बिनधुराची इंजिनं केलीत, आता हे धुराचं घ्या.

आणि खरंच धूर! धुराड्यात तेलाचे पाच-सहा थेंब सोडायचे, बटण फिरवायचं, दोन चकरा झाल्या की वरून पांढरा धूर भकभक निघायचा. जयरामने पहिल्याच रात्री इंजिन उघडून पाहिलं. आत बोटाच्या पेराएवढी एक डबी, डबीत केसासारखी तार, तारेभोवती काचेच्या धाग्याची वात. वात तेल पिते, तार तापते, तेलाचा धूर होतो. संघर्ष त्याला स्मोक युनिट म्हणायचा. जयराम म्हणाला, हा तर आपला पाणी तापवायचा बंब आहे. तेव्हापासून त्या घरात त्याचं नाव बंब पडलं.

आठवड्याभरातच बंब बिघडला. संघर्षने हौसेपोटी तेल संपल्यावरही गाडी फिरवली होती. वात कोरडी पडून काळी झाली, तार तुटली. मग बापलेक दोन दिवस ओट्यावर डोकं लावून बसले. तार बापाने गुंडाळली, भिंगाखाली, श्वास धरून. वात मुलाने भरली, टाचणीच्या टोकाने धागा दाबून दाबून. जयरामने शिकवलं की वात घट्ट भरलीस तर तेल चढणार नाही, सैल भरलीस तर तार उघडी पडेल. पहिला धूर निघाला तेव्हा संघर्ष आईला म्हणाला, वात माझी, तार पप्पांची, आता हे घरचं इंजिन झालं. आणि तेलाची इवलीशी बाटली तिच्या हातात देऊन म्हणाला, तेल तुझ्याकडे, आई. आम्हा दोघांना भान राहत नाही. हे तेल म्हणजे दुसरं काही नाही, पातळ केलेली मेणबत्ती समज.

दुसऱ्या लाटेत बापलेक दोघे एकाच हॉस्पिटलात होते, वेगवेगळ्या मजल्यांवर. खालच्या मजल्यावरचा घरी आला. वरच्या मजल्यावरचा आला नाही. ज्योत्स्नाला तेव्हा सहावा महिना. तिला कोणी बाहेर पडू दिलं नाही. चांगुणा एकटी अमरधामच्या रस्त्यापलीकडे उभी राहिली. जवळ जाऊ देत नव्हते. जयराम घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "तोंड नाही दाखवलं. धूर तेवढा पाहिला."

त्या एका वाक्यावर जयरामने पाच वर्षं काढली. हिला आता धूर सोसायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. तिला विचारलं का? नाही. संघर्षचं नाव निघालं की दोघंही दुसरं काहीतरी काम काढायची. त्याने ते इंजिन खोक्यात घालून पलंगामागच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलं आणि पुन्हा काढलं नाही. घरात अगरबत्ती आणणंही त्याने बंद केलं. बुद्धाच्या मूर्तीपुढे, बाबासाहेबांच्या फोटोपुढे आणि शेजारी संघर्षच्या फोटोपुढे चांगुणा फक्त मेणबत्ती लावायची. हीच तिची इच्छा असणार, असंही त्याने ठरवून टाकलं. मिक्सरबद्दल तीन प्रश्न विचारणारा माणूस घरच्या माणसाबद्दल एकही विचारत नव्हता.

संजना झाली. बापाचे डोळे घेऊन आली. चार वर्षं ज्योत्स्ना तिला घेऊन कधी इथे, कधी मनमाडला माहेरी राहिली. मग स्थळ आलं. सुनील नावाचा, बायको वारलेला, मस्कतला कंपनीत असलेला सरळ माणूस. ज्योत्स्नाने सासू-सासऱ्यांना विचारल्याशिवाय होकार दिला नाही आणि जयराम-चांगुणाने एका शब्दाने अडवलं नाही. उलट विहारातल्या त्या छोट्या लग्नात चांगुणा पाहुण्यांना वाढत होती. लोक म्हणाले, धन्य आहे बाई तुमची. ती म्हणाली, पोरगी आहे माझी, तिने काय जन्मभर भिंतीकडे बघत बसायचं?

आता कागदपत्रं झाली होती. रविवारी संध्याकाळी ज्योत्स्ना, सुनील आणि संजना मुंबईला निघणार, तिथून मस्कत. जाण्याआधी दुपारचं जेवण इथे. मंगळवारी ज्योत्स्नाचा जयरामला फोन आला. जरा अडखळत म्हणाली, पप्पा, संजना रोज विचारते. मी तिला सांगून ठेवलंय की तुझ्या बाबांच्या गाडीतून खरा धूर निघतो. तिला एकदा दाखवाल का? आणि तुमची हरकत नसेल तर ती गाडी तिच्यासोबत देता का? दुसरं काही नकोय आम्हाला.

जयराम लगेच हो म्हणाला. पोरीने बाप पाहिला नाही, बापाचा आवाज ऐकला नाही. निदान बापाने दाबून भरलेल्या वातीतून निघणारा धूर तरी बघू दे. चार-पाच दिवस हातात होते. त्याने चांगुणाला काही सांगितलं नाही. धुराचा विषय कसा काढणार?

गुरुवारी दुपारी चांगुणा बचत गटाच्या मीटिंगला गेली. जयरामने खोका खाली काढला, आतल्या खोलीत पलंगावर रूळ मांडले, वीज दिली. इंजिन झोकात पळालं. पाच वर्षं कपाटात पडलेलं इंजिन इतकं झोकात कसं पळालं, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. नाही पडला. तेलाची बाटली खोक्यातच होती, तळाशी सहा-सात थेंब. भरलेली ठेवली होती ना? उडून गेलं असेल, म्हणाला. त्यातला एक थेंब सोडला, चार चकरा मारल्या. धुराचा पत्ता नाही.

मग तो कामाला लागला. आधी चाकं पुसली, मळलेली नव्हती. बंबाला वीज पोचवणारी पट्टी तपासली, ठीक होती. इंजिनाचं टोपण काढून बंबाच्या दोन टोकांना मीटर लावला. काटा हलला, म्हणजे तार शाबूत. तार शाबूत आणि धूर नाही म्हणजे दोनच गोष्टी. एक तर वात जळून कोळसा झाली, किंवा बंब तेलाने तुडुंब भरलाय आणि तार बुडालीय. त्याने धुराड्याला शीतपेयाची नळी लावून हळूच फुंकर मारली. हवा पलीकडे जाईना. गच्च बसलं होतं काहीतरी. त्याने बारीक तार आत घातली, फिरवली, बाहेर काढली. टोकाला पांढरं काहीतरी चिकटलं होतं.

त्याने ते नाकाशी नेलं आणि स्वतःवरच चिडला. नाक कुठे होतं? मग चिमटीत चोळलं. मऊ पडलं, बोटाला गुळगुळीत लागलं.

मेण.

जयराम पलंगावर खाली बसला. इंजिनाच्या बंबात मेण कुठून येणार? त्याने मान वळवली. समोरच्या फळीवर संघर्षचा फोटो होता आणि फोटोपुढे अर्धी जळालेली मेणबत्ती. पातळ केलेली मेणबत्ती समज, आई.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. खोक्यावर धूळ नव्हती. रुळांच्या सांध्यांना गंज नव्हता. तेल उडून गेलं नव्हतं, कुणीतरी थेंब थेंब वापरलं होतं, आणि संपत आलं तेव्हा तळाचे थेंब राखून ठेवून मेणबत्ती वितळवून ओतली होती. घरात माणसं दोन. आणि मेणाचा धूर म्हणजे विझवलेल्या मेणबत्तीचा वास, सगळ्या घरात भरणारा. जुनं नाक असतं तर ओट्यावरून ओळखला असता. त्याच्या पाठीमागे बायको पाच वर्षं पोराचं इंजिन फिरवत होती आणि त्याला ताकास तूर लागू दिली नव्हती.

त्याला तिचा राग आला नाही. जिला धूर सोसवत नाही असं समजून आपण अगरबत्ती बंद केली, ती बाई धुरासाठी मेणबत्त्या वितळवत होती! ही एकच वस्तू तिच्याकडे उरलीय आणि आपण ती परस्पर देऊन बसलो. रविवारी गाडी गेली तर ही कशाच्या आधाराने राहील? पोरगी लहान आहे, विसरेल. हिचं काय?

तेव्हाच ती मीटिंगहून आली असती, तेव्हाच त्याने विचारलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण त्याने विचारलं नाही. ती येण्याआधी त्याने सगळं आवरलं, बंब तेवढा खिशात घातला. शुक्रवारी बंब बल्बच्या उबेला ठेवला. मेण पाघळलं तसं सुती दोऱ्याने टिपून घेतलं, पुन्हा ऊब, पुन्हा दोरा. संघर्षची वात त्याने हलूसुद्धा दिली नाही. शनिवारी ती भाजीला गेली तेव्हा बंब इंजिनात बसवून एक थेंब सोडून पाहिला. दुसऱ्या चकरेला पांढरा धागा वर आला. जयरामने पटकन बटण बंद केलं आणि तोंडावर हात दाबून धरला. तोवर त्याचं ठरलं होतं. उद्या काय बोलायचं ते त्याने मनात घोकून ठेवलं.

रविवारी मंडळी आली. मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, पोरीसाठी शिरा. सुनील बिचारा संकोचून जेवत होता. संघर्षच्या फोटोला त्याने आल्या आल्या हात जोडले, ते जयरामला बरं वाटलं. जेवणं होताहेत तोच संजना त्याच्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, बाबांची गाडी दाखवा ना. धूरवाली."

जयरामने आयुष्यात गिऱ्हाईकाला कधी खोटं सांगितलं नव्हतं. साधा फ्यूज गेलेला असला तर फ्यूजच गेलाय म्हणायचा. त्या दिवशी त्याने नातीच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "गाडीचा बंब जळाला, बाळा. आता धूर नाही निघायचा."

"थोडा पण नाही?"

"थोडा पण नाही."

चांगुणा ज्योत्स्नाला भाकरी वाढत होती. तिचा हात ताटावर तसाच थांबला. चेहरा पांढरा पडला. जयरामने तो चेहरा पाहिला आणि त्याला वाटलं, सुटली बिचारी. गाडी जायची भीती होती, ती गेली. भाकरी वाढून ती आत गेली.

संजनाचा ओठ बाहेर आला. ज्योत्स्ना म्हणाली, असू दे, बिनधुराची घेऊन जाऊ. पोरगी म्हणाली, बिनधुराची नको, सगळ्यांकडे असते. जयरामनेही पुस्ती जोडली की आतलं सगळं ढिलं झालंय, बॅगेत मोडेल. ज्योत्स्ना त्याच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, राहू दे पप्पा, तुमच्याकडेच बरी. चार वाजता गाडी आली. संजनाने मागच्या काचेतून हात हलवला. चांगुणा गेटाला धरून उभी होती. गाडी वळल्यावरही उभीच.

ती घरात येऊन कामाला लागल्यावर तासाभराने जयरामने मोठ्या हौसेने खोका काढला. पलंगावर रूळ मांडले, इंजिन ठेवलं, बाटली उपडी करून तळाचे सगळे थेंब धुराड्यात सोडले. चांगुणा आत भांडी घासत होती. त्याने हाक मारली. ती हात पुसत दारात आली तोवर दुसरी चकर झाली होती आणि इंजिन पांढरा धूर सोडत डबे ओढत पळत होतं.

जयराम म्हणाला, "तुझी गाडी कुठे जाणार नाही. काळजी करू नकोस. मला सगळं कळलं."

चांगुणा इंजिनाकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. "चालू आहे?"

"मेण काढलं. फक्कड झालंय."

"चालू होतं, तर पोरीला का नाही दाखवलंत?"

तिने हे इतक्या हळू विचारलं की जयरामला वाटलं, समजावून सांगावं. तो सांगायला लागला की तुझा जीव त्यात आहे, मला कळलं, म्हणून मी ते जाऊ दिलं नाही. चांगुणाने त्याला मधेच थांबवलं. ती पलंगाच्या कडेला बसली आणि पाच वर्षांत पहिल्यांदा संघर्षचं नाव घेऊन बोलली. दर रविवारी तुम्ही विहारात गेलात की मी हे फिरवत होते, म्हणाली. मला काय खेळायची हौस होती? बंद ठेवलं की मशीन जाम होतं, तुम्हीच साऱ्या जगाला सांगता ना. संघर्षने तेल माझ्या हाती दिलं होतं. पोरगी मोठी होऊन मागेल तेव्हा तिला बापाचं इंजिन चालू मिळावं, म्हणून जपत होते. तेल संपत आलं, दुकानात मिळेना, म्हणून मेण घातलं. दोन महिन्यांपूर्वी धूर थांबला आणि माझा जीव उडाला. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, तुम्हाला त्याची आठवण नको असते.

"मला?" जयराम म्हणाला.

"तुम्हीच तर वर ठेवून दिलंत. पुन्हा बघितलंसुद्धा नाही." मग तिचा आवाज फुटला. "आज तुम्ही जळालं म्हणालात, तेव्हा मला वाटलं, मीच जाळलं. पोरीच्या तोंडाकडे बघवेना मला. आणि हे तर चालू होतं!"

विचारायचं होतं. एवढंच करायचं होतं, विचारायचं. शेवटी कोणी चालवलं, आणि कशासाठी. गल्लीतल्या प्रत्येक बाईला ज्याने उंबऱ्यातून परत पाठवलं, त्याने घरातली मोटार न विचारता उघडली होती.

चांगुणाने डोळे पुसले आणि फोन उचलला. अजून धूर येतोय ना, मग लावा व्हिडिओ, म्हणाली. तिचंच डोकं चाललं, त्याचं तर बंद पडलं होतं. ज्योत्स्नाने लगेच उचलला. गाडी घोटीच्या पुढे गेली होती. पोरगी तिच्या मांडीवर झोपली होती, रडून रडून झोपली म्हणाली. चांगुणा फोन इंजिनासमोर धरून बसली.

ज्योत्स्ना बघत राहिली. तिनेही तो धूर सहा वर्षांपूर्वी याच पलंगावर पाहिला होता, नव्या नवरीच्या कपड्यांत. मग ती एकदम म्हणाली, "पप्पा, चालतंय हे! थांबा, थांबा, मी उठवते तिला." संजनाच्या गालावर तिने हात ठेवला, तेवढंच दिसलं. चित्र थिजलं. समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीचा बोगदा आला होता.

दोघं फोनवर वाकून बसली. जयरामचा हात सवयीने बटणाकडे गेला. तेल किती उरलं असेल, बंद करून ठेवावं का? चांगुणा म्हणाली, बंद नका करू, आता पुन्हा नाही आला धूर म्हणजे? रेंज येईलच. तिच्या तोंडाकडे बघून त्याने हात मागे घेतला. बोगदा किती मोठा आहे, गाडी किती वेगाने जात असेल, असलं काहीतरी तो मोजत बसला. फोनच्या कोपऱ्यातल्या त्या गोल फिरणाऱ्या खुणेवर दोघांचे डोळे. पाठीमागे इंजिन फिरत होतं, रुळांवर खडखड वाजत होतं, म्हणून सगळं ठीक असेल असंच वाटत होतं.

वास चांगुणाला आला. पण या इंजिनाला मागचं वर्षभर मेणाचा वास येतच होता, तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही. आणि ज्याला वाटलं असतं त्याच्याकडे नाक नव्हतं. जयरामने वळून पाहिलं तेव्हा धुराड्यातून करड्या रंगाचा एक बारीक दोरा निघत होता. तो तेलाचा धूर नव्हता. तो संघर्षच्या वातीचा होता. जयरामने झडप घालून बटण शून्यावर आणलं, पण त्याआधीच दोरा तुटला होता.

फोन वाजला. पलीकडे संजना, विस्कटलेल्या केसांची, झोपेतून उठवलेली, डोळे मोठे केलेली. मागून ज्योत्स्ना म्हणत होती, बघ बघ, बाबांचं इंजिन बघ. जयरामने बटण फिरवलं. इंजिन निघालं. एक चकर, दुसरी, तिसरी. डबे झोकात पळाले. धुराड्याच्या तोंडाशी काही नव्हतं. त्याने बटण पार शेवटापर्यंत नेलं. इंजिन इतकं जोरात धावलं की वळणावर मागचा डबा घसरला.

संजनाने थोडा वेळ वाट बघितली. मग आईकडे वळून, शहाण्या पोरीसारखं समजावत म्हणाली, "मम्मी, आजोबांनी सांगितलं होतं ना. जळालंय."

चांगुणाने तोंडात पदर कोंबला. पोरगी पुन्हा फोनकडे वळली आणि म्हणाली, "हो ना, आजोबा?"

आता यात खोटं काही उरलं नव्हतं.

"हो बाळा," तो म्हणाला. "जळालं."

असू दे, म्हणाली ती. तुम्ही रडू नका. मग घाट संपला, टोल आला, सुनील काहीतरी विचारत होता, ज्योत्स्ना म्हणाली पोचल्यावर फोन करते. नवी तार भरता येते, नवी वात भरता येते, कुरियरने पाठवता येईल, असंही ती म्हणाली. जयराम हो म्हणाला. तार तो उद्यासुद्धा भरू शकला असता. वात कोण भरणार होतं?

फोन बंद झाला. घसरलेला डबा पलंगावर आडवा पडला होता. चांगुणाने तो उचलून रुळावर ठेवला आणि पदराने पुसला. जयराम तिच्या हाताकडे बघत होता. मग त्याने गुरुवारी दुपारी विचारायचा तो पहिला प्रश्न विचारला.

"कधीपासून फिरवत होतीस?"

"तो गेला त्याच्या तेराव्या दिवसापासून," चांगुणा म्हणाली. "तुम्ही ओट्यावर झोपला होतात."